बिनचेहऱ्याचं पान

३ फेब्रुवारी

ठमे,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी भांडण. रविवारी तू फोन केलास आणि मी कानाचं मशीन शोधून आणेपर्यंत ठेवूनही दिलास. फोनवर तुझं अर्धं मला ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं तू बोलत नाहीस. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दुसऱ्यांची बोलणी जोडून देण्यात गेली, त्याचं हे बक्षीस. तेव्हा आता पत्रच. कागदाला बॅटरी लागत नाही.

काम असं आहे. आमच्या वाचनालयात दर महिन्याला एकीनं एका पुस्तकावर बोलायचं असतं. या खेपेला माझी पाळी. मी बेधडक सांगून बसले की पुस्तकावर नाही, आमच्या भाचीच्या मासिकावर बोलणार. पोस्टातल्या बाईंनी (निवृत्त होऊन किती वर्षं झाली, तरी आमच्यात त्या पोस्टातल्याच) लगेच नाक मुरडलं. "फॅशनचं मासिक? या वयात?" मी म्हटलं, काचेमागच्या पुतळ्यांची फॅशन नव्हे ती. आपापल्या डोक्यानं कपडे घालणाऱ्या माणसांचं मासिक आहे, आणि येत्या अंकात मी आहे.

खरंच सांगते, तू मागे आलीस आणि मला स्वयंपाकघराच्या दारात उभं करून कोटासकट फोटो काढलास, तेव्हापासून मी हवेत आहे. पडदेवाल्याच्या टाकाऊ नमुन्यांचा कोट, खिसेच खिसे, एक चष्म्याचा, एक मशीनच्या बॅटऱ्यांचा. गल्ली हसली त्याला. आणि तो छापून येणार. शेजारीण म्हणाली, फोटोत लोकांना तुम्ही दोघी एकच वाटाल, नाक तेच, हनुवटीवरची खळीही तीच. मी म्हटलं, वाटू देत, भाची आहे माझी.

तर मला शिकव. असं मासिक वाचायचं कसं? पानं कशी लावता, आणि तशीच का लावता? मी आजवर मासिकं फक्त चाळली आहेत. बोलायचं तर नीट बोलावं, हात दाखवून अवलक्षण नको.

आता घे आशीर्वाद. जेवत जा वेळेवर.

मावशी

११ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

भांडण मान्य, आशीर्वाद पोचले, जेवण वेळेवर नाही पण होतं.

मागचा अंक सोबत पाठवते आहे. तो समोर ठेव आणि माझं पत्र वाच. आधी मुखपृष्ठ. माणूस शोधू नकोस, नाही. कापडाची उलटी बाजू आहे, गाठी, सुटे दोरे, सगळं दिसतंय. दर अंकात तेच. बाकीची मासिकं दारात एक हसरी मुलगी उभी करतात. आम्ही म्हणतो, शिवण बघा आणि मग आत या.

आत गेल्यावर मथळा वर शोधशील तर फसशील. तो पानाच्या तळाशी असतो, परकराची किनार असते तिथे म्हण. कारण आधी माणूस बघायचा, मग वाचायचं. आणि मथळा म्हणजे दुसरं काही नाही, त्या माणसाचं नाव. पानावरचं सगळ्यात मोठं अक्षर नावाचं. त्याच्याखाली बारीक दोन ओळी. एक, कपडा कुणी शिवला. दुसरी, फोटो काढणाऱ्याचं त्या माणसाशी नातं काय. मागच्या अंकातला तो सुतार बघ, जुन्या तंबूची विजार घातलेला. "शिवणारा: स्वतः. नातं: घरमालक." ही नात्याची ओळ म्हणजे आमच्या संपादिकाबाईंचा जीव की प्राण. त्या म्हणतात, बघणारा कोण हे कळल्याशिवाय फोटो कळतच नाही.

किमती कुठेही नाहीत, दुकानांचे पत्ते नाहीत. समोरचं पान कोरं. मी आले तेव्हा मला वाटलं कागद वाया घालवतात. बाई म्हणाल्या, माणसाला घरी बोलावलं तर बसायला जागा द्यायची की नाही?

आणि सगळ्यात कडक नियम: माणूस कापायचा नाही. दुसरीकडे बघ, कपडा विकायचा म्हणून डोकं उडवतात, नाहीतर कमरेत तोडतात. आमच्याकडे केसांपासून चपलेपर्यंत, पायाखालच्या फरशीसकट. डाग पुसायचे नाहीत, सुरकुत्या पुसायच्या नाहीत. एका ताडमाड माणसासाठी बाईंनी घडी घातलेलं जादा पान छापलं, पण त्याचं टाळकं कापलं नाही.

लिहिता लिहिता मलाच मजा आली. हे सगळं मी कधी सलग कुणाला सांगितलं नव्हतं.

नव्या अंकाचं मात्र लांबलंय. छापखान्याची काहीतरी भानगड आहे. तुझं पान आहे, पण ते जरा वेगळं लागलंय, या छपाईत काटछाट होते कधीकधी. तू फार आशा धरू नकोस, आणि वाचनालयात मागच्या अंकावरच बोल. तो जास्त चांगला आहे.

तुझी ठमी

२ मार्च

ठमे,

अंक लांबला नव्हता गं. वाचनालयातल्या मुलीनं मला आनंद व्हावा म्हणून तो परस्पर मागवला होता. बैठकीच्या दिवशीच पोचला, पाकीट माझ्यासमोर फोडलं. मी म्हटलं, चला, शिळं कशाला, ताजंच घेऊ.

टेबलाभोवती सगळ्या जमल्या आणि मी तुझ्या पत्राबरहुकूम सुरू केलं. मुखपृष्ठ दाखवलं, उलटी बाजू समजावली. आत एक बस कंडक्टर, एक दातांची डॉक्टर, वादकांची जोडी. प्रत्येक पानावर मी विचारायची, नाव कुठे? बायका म्हणायच्या, खाली. नातं कुठे? त्याच्याखाली. पोस्टातल्या बाईसुद्धा म्हणायला लागल्या. शाळा भरली होती नुसती.

मग माझं पान आलं. कोट मी लांबूनच ओळखला. चष्म्याचा खिसा, बॅटऱ्यांचा खिसा, खाली आपल्या स्वयंपाकघराची फरशी. वर कॉलर होती, आणि कॉलरवर पान संपलं होतं. खाली नावाच्या जागी मोठ्या अक्षरात "एक बाई". त्याखाली: "शिवणारी: माहीत नाही. नातं: बसस्टॉपवर दिसली."

शेजारीण माझ्याकडे बघायचं टाळत होती. मीच मग घसा साफ केला आणि बोलत सुटले. म्हटलं, बघा हं, सगळ्या अंकात एकच पान नियम मोडतं, म्हणजे ते मुद्दाम आहे. इतके चेहरे बघून डोळे सरावले की एक चेहरा काढून घ्यायचा, म्हणजे वाचणाऱ्यानं थांबावं. इथे चेहरा नाही, तर प्रत्येकीनं आपला लावून बघावा. नाव नाही, कारण असं शिवणाऱ्या बायकांची नावं कुणी विचारतच नाही. मांडणीतली खरी हुशारी या पानात आहे. असं बरंच काही. मला कुठून सुचलं देव जाणे. टाळ्या पडल्या.

फक्त पोस्टातल्या बाईंनी विचारलं, "ते ठीक. पण नातं का खोटं लिहिलं?" मी म्हटलं, छापखान्याची भानगड आहे.

घरी येऊन मी पुन्हा पान बघितलं. त्या दिवशी माझी मान आखडलेली होती, नीट उभी राहिले नसेन. तोंड वेडंवाकडं आलं असेल, म्हणून कापावं लागलं असेल. तसं असेल तर सांग, मला काही वाटणार नाही.

भाषण सगळ्यांना आवडलं म्हणून लिहून काढलं आणि तुमच्या वाचकांच्या पानासाठी पाठवून दिलं. घाबरू नकोस, तुझं नाव घातलेलं नाही. माझंही नाही. खाली "एक बाई" अशीच सही केली आहे.

मावशी

९ मार्च

प्रिय मावशी,

हे तू काय करून बसलीस? मला आधी विचारायचं तरी.

तुझं पत्र बाईंनी ऑफिसात सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. मी समासाच्या रेघा मारत खाली मान घालून बसले होते. सगळे खूश. बाई म्हणाल्या, आपल्या मांडणीबद्दल इतकं चांगलं आपल्यालाही कुणाला लिहिता आलं नाही, आणि सही बघा, हे लिहिणारी तीच बाई आहे, त्या फोटोतली. पाकिटावर तू पत्ता घातला होतास. त्या तुला लिहिणार आहेत.

मावशी, तुझी मान ठीक होती. फोटो छान होता. कापायचं बाईंनीच ठरवलं. संपादकांच्या मनात काय येईल सांगता येत नाही, आणि मी इथे नवीन, माझं कोण ऐकतं? नाव आणि नातं वगैरेही शेवटच्या घाईत झालं. मला फार वाईट वाटलं होतं पण बोलायचं कसं?

त्यांचं पत्र आलं तर तू उत्तर देऊ नकोस. निदान मी सांगेपर्यंत. त्यांना उगाच अवघडल्यासारखं होईल. माझी नोकरी अजून पक्की नाही, तुला माहीत आहे. एवढं ऐक माझं.

ठमी

२४ मार्च

ठमे,

तुमच्या संपादिकाबाईंचं पत्र तुझ्या पत्राच्या पाठोपाठच आलं. अक्षर सुरेख आहे त्यांचं. त्यातल्या ओळी तशाच उतरवते, म्हणजे माझ्या ऐकण्यात चूक झाली असं तुला म्हणता येणार नाही.

"तुमचा चेहरा कापायला परवानगी देताना माझं मन धजत नव्हतं. इतक्या वर्षांत आम्ही कुणाला कापलं नाही. पण आमच्याकडे पानं लावणाऱ्या मुलीनं सांगितलं की तुम्ही तिला बसस्टॉपवर भेटलात, घरी नेऊन फोटो काढू दिलात, नाव सांगितलं नाहीत, आणि चेहरा दिसता कामा नये ही तुमची अट होती. तिच्या शब्दाखातर मी नियम मोडला. ते बरोबर होतं ना, एवढंच कळवा."

मी कळवलं. लिहिलं, होय, माझीच अट होती. एक्स्चेंजमध्ये असताना दोन माणसांच्या बोलण्यात मी कधी मध्येच शब्द घातला नाही. या वेळी घातला, आणि तो खोटा घातला. तुझी नोकरी अजून पक्की नाही, मला माहीत आहे.

रागावून लिहीत नाहीये. तुला माझी लाज वाटते हे मला काल कळलेलं नाही. शाळेतून आणायला यायचे तेव्हा तू रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं चालायचीस. तुझे आईबाप दोघंही फिरतीवर, तुला घरी आणणारी मी एकटी, आणि आपण दोघी दोन फुटपाथवर. मी म्हणायची, पोर आहे, मोठी झाली की कळेल. मला स्वतःची लाज कधी वाटली नाही. गल्ली हसली, मी हसले, विषय संपला. लोक हसायचे ते कोटाला, असं मी धरून चालायची. तू मात्र कोट ठेवलास आणि मला काढलंस. तेव्हा हसण्यासारखं काय आहे ते मला पहिल्यांदा कळलं.

परवा वाचनालयात गेले. बायका नेहमीसारख्याच होत्या, चांगल्याच वागल्या. पण प्रत्येकीची नजर आधी कोटावर जायची आणि मग वर माझ्या तोंडावर, आणि मला वाटायचं की तोंड कुठे ठेवू. मी लवकर निघून आले. या वयात हे नवीनच शिकले.

म्हणून कोट पार्सलनं पाठवला आहे. वाईट मनानं नाही. मला तो अंगात घालून आता बाहेर पडवत नाही, आणि कपाटात टांगलेला बघवत नाही. तुमच्या ऑफिसात कुणाला आवडला असेल तर द्या.

मावशी

२ एप्रिल

मावशी,

चार वेळा कागद फाडला. सरळच लिहिते.

संपादिकाबाईंचा दोष काही नाही. कापला मी. माझ्या टेबलावर तुझा फोटो, चेहरा कागदाखाली झाकलेला, नुसता कोट दिसणारा, तो बघून बाईंनी विचारलं होतं, "ही कोण?" कुतूहलानं, प्रेमानं विचारलं होतं. सगळे जमले. कुणी म्हणालं काय कोट आहे, कुणी म्हणालं कुठून शोधून काढलीस. आणि माझ्या तोंडून गेलं, बसस्टॉपवर दिसली. बसस्टॉपवरची बाई असलीस तर माझी नजर चांगली ठरत होती. माझी मावशी असलीस तर मी, गल्ली ज्याला हसते, त्या घरातली ठरत होते. विचित्र असणं हीच जिथे नोकरी आहे तिथे बसून मला तुझी लाज वाटली, मावशी. याला काय म्हणायचं ते मला माहीत नाही.

मग चेहऱ्याचा प्रश्न आला. फोटोत माझंच नाक, माझीच हनुवटी. ऑफिसात रोज माझं तोंड बघणारी माणसं, त्यांना कळलंच असतं. म्हणून ती अट रचली आणि चेहऱ्यासकट फोटो कुणाला दाखवलाच नाही. पुढचं एकेक खोटं आधीच्या खोट्याला ठिगळ लावायला. तुला नियम शिकवणारं ते लांबलचक पत्र लिहिताना मी किती खुशीत होते, आठवतंय ना? माणूस कापायचा नाही, हे मी तुला लिहिलं तेव्हा तुझं पान कापून छापूनसुद्धा झालं होतं.

पार्सल आलं ते मी घरी नेऊन उघडलं. बॅटऱ्यांच्या खिशात एक बॅटरी राहिली आहे. मला वाटलं, ही इकडे आली, म्हणजे तिकडे मावशीला ऐकू येत नसेल. मी बसून रडले, पण रडण्यानं काय होतंय. सकाळी कोट अंगात घातला आणि ऑफिसला गेले.

रस्त्यात लोक बघत होते. मला वाटलं होतं हा मोठा पराक्रम होईल. काही नाही, नुसती चालत होते, आणि तू हे रोज करायचीस.

ऑफिसात सगळे आधी हसले, वा, मिळाला कुठे म्हणाले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी कपाटातून अंक काढला, तुझं पान उघडलं, उठून माझ्याजवळ आल्या आणि पानाची वरची कड माझ्या हनुवटीखाली धरली. तशीच धरून ठेवली. मागे जमलेले सगळे बघत होते. हसणं थांबलं, कारण पान माझ्या तोंडाखाली बरोबर बसलं होतं. कॉलरवर मान, मानेवर तोंड, कुठे फट नाही.

"नात्याची ओळ काय होती?" बाईंनी विचारलं.

मी म्हटलं, मावशी. कोट तिनंच शिवला. मी तिच्याकडेच वाढले. आणि अट तिची नव्हती.

"त्यांनी तर मला होय लिहिलंय."

मी म्हटलं, मला वाचवायला.

बाईंनी पान खाली घेतलं, घडी न पाडता मिटलं. मला वाटलं ओरडतील. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं मला. त्या एवढंच म्हणाल्या, "एकदाच नियम मोडला, तोही तुझ्या शब्दावर." आणि त्यांच्या खोलीत गेल्या. त्या दिवसापासून पानं लावायचं काम माझ्याकडे नाही. मी अंकांची पार्सलं बांधते. कुणी वाईट बोलत नाही, पण मी आले की बोलणं जरा थांबतं. ठीक आहे, तेवढं चालायचंच.

बाईंचा निरोप आहे: तुझं पान पुढच्या अंकात पुन्हा छापायचंय, पूर्ण, तुझ्या नावानं, समोर कोरं पान ठेवून. तू हो म्हणालीस तरच. मी तुला ते विचारायच्या लायकीची नाही, फक्त निरोप पोचवते.

माफ कर असंही लिहीत नाही. तू लगेच करशील आणि मी लगेच सुटेन. येता शनिवार सोडून पुढच्या शनिवारी दुपारच्या बसनं येते. कोट परत आणते आहे, पार्सलनं नाही, अंगात घालून. स्टॉपपासून घरापर्यंत चालत येईन, तुझ्याच बाजूच्या फुटपाथनं.

ठमी

७ एप्रिल

ठमे,

पत्र पोचलं. दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा चष्मा काढून नुसतंच धरून बसले.

पानाचं मी अजून ठरवलेलं नाही. संपादिकाबाईंना मी वेगळं लिहिलं आहे की खोटं बोलल्याबद्दल माफ करा. त्यांचं मासिक चांगलं आहे. पोस्टातल्या बाईंनी वर्गणी भरली, आता बोल. पण माझं तोंड छापायचं की नाही, हे मला आधी आरशात बघून ठरवायचं आहे, आणि सध्या मी आरशात फार बघत नाही. त्याला वेळ लागेल. तू घाई करू नकोस आणि बाईंनाही करू देऊ नकोस.

राग आहे. तो आहे म्हणूनच ये. नसता तर म्हटलं असतं, राहू दे, कशाला तिकीट काढतेस.

बॅटरी जपून आण, खरंच ऐकू येत नाहीये. शनिवारी मी स्टॉपवर येऊन उभी राहीन. बसमधून उतरलीस की कोट शोधत बसू नकोस, तो तुझ्याच अंगात असेल. मी हल्ली करडा स्वेटर घालते, सगळ्या बायका घालतात तसला. स्टॉपवर तशा चारपाच जणी असतात.

ओळखशील ना?

मावशी